कुंकवाचे आलवण

रविवार, ता. २८ मार्च १९३७

माघापासून या वहीला हात लावला नाही. क्षमा मागायची ती स्वतःचीच, पण मागतो. तसबिरींच्या दालनाच्या कामात गुंतलो होतो असे म्हणायला बरे वाटते. खरे म्हणजे लिहिण्याजोगे काही हातून झाले नाही.

वाचनालयाने दालन उघडून वर्ष होत आले. भिंतींवर नाशकातल्या कर्त्या पुरुषांची तैलचित्रे, आणि पाहायला येतात ते त्यांचेच वारस, तेही पुण्यतिथीला हार घालण्यापुरते. मी मानद चिटणीस. म्हणून 'कुटुंबाचा रविवार' काढला. बायकामुलांनी यावे, बसून चित्रे पाहावी, मी चार गोष्टी सांगाव्या.

आज पहिला. बायका आल्या. सखाराम शिपाई धावत आत आला, "मास्तर, बायका आल्यात पण बसंनात."

खरेच. कपाळापर्यंत पदर ओढून सगळ्या उभ्या. मी 'बसा, बसा' म्हणतो आहे आणि कोणी हलत नाही. शेवटी एकीने सौ.च्या कानाशी सांगितले, "बसायचं कसं? समोर मामंजी आहेत."

होते. भिंतीवर, पगडीसकट. दुसरीचे चुलत सासरे कोपऱ्यात. नमस्कार करून सगळ्या निघून गेल्या. छायाप्रकाशावरचे माझे व्याख्यान खिशातच राहिले.

घरी सौ. हसून हसून दमली. "तुम्हाला चित्रं दिसतात, आम्हाला सासरे!"

रविवार, ता. ४ एप्रिल

रंगपंचमी होऊन गेली तरी मुलांचे कान अजून गुलाबी. आज त्यांना काही सांगितलेच नाही. कागद दिले, म्हटले, घरातल्या एका माणसाचे चित्र काढा. बहुतेकांनी वडील काढले, म्हणजे मिशा काढल्या.

अध्यक्ष तात्यासाहेबांची धाकटी कुसुम, नऊदहा वर्षांची असेल. तिने आपली आजी काढली. घरात तिला आक्का म्हणतात. वाती वळत बसलेली, केशवपन केलेले डोके आलवणाच्या तांबड्या पदराखाली, दाढ पडल्याने आत गेलेला गाल. मी चपापलो. कॉलेजात असल्यापासून चित्रे पाहतो आहे. या दालनात इतके जिवंत एकही नाही, आणि हे वाक्य मला सभेत कधी बोलता येणार नाही.

आलवण रंगवायचे राहिले. पेटीतला तांबडा रंग संपला होता. "घरून रंगवून आणते," म्हणाली.

बुधवार, ता. ७

कुसुमने चित्र आणले. तांबडा असा की आमच्या पेटीत कधी नव्हता. गडद, किंचित चकाकणारा.

"कुठला गं रंग?"

"घरचा."

पुढे विचारले नाही. विचारायला हवे होते का?

हुसेनभाईंनी चौकट करून दिली. काच बसवताना म्हणाले, "मास्तर, ही म्हातारी आतून काचेवर टकटक करणार बघा." चित्र कुसुमच्या आजोबांच्या, कै. दाजीसाहेबांच्या तैलचित्राखाली लावले. दालनातले बाईमाणसाचे हे एकच चित्र. हे मला आज, खिळा ठोकताना कळले. चिटणीस मी वर्षभर आहे.

रविवार, ता. ११

मुले आली. बायका नाहीत. चिडचिड झाली, ती घरी आणली, सौ.वर काढली.

ती म्हणाली, "नुसतं 'या' म्हटलं की बायका येत नसतात. निमित्त लागतं. उद्या पाडवा. चैत्राचं हळदीकुंकू ठेवा तुमच्या दालनात. आंब्याची डाळ, पन्हं. आणि सतरंज्या ओसरीवर घाला, म्हणजे मामंजी नकोत समोर. पाळीपाळीनं आत जाऊन बघून येतील."

इतके सोपे, आणि मला सुचले नाही. तात्यासाहेबांकडे गेलो. त्यांनी माझी एखादी सूचना पहिल्या दमात मान्य केली असे आजवर घडले नव्हते. जरा शंकाच आली.

शुक्रवार, ता. १६

घरोघरी बोलावणी गेली. पुढच्या शुक्रवारी कार्यक्रम. संध्याकाळी कुसुम वाटेत भेटली.

"मास्तर, आक्कालाही बोलावणं आहे ना? तिनं तिचं चित्र अजून पाहिलंच नाही."

मी जागच्या जागी थांबलो. हळदीकुंकू! सवाष्णींचे. 'दालन सर्वांसाठी आहे' हे मी ठरावात लिहिले, आणि भिंतीवर जी एक बाई आहे तिलाच मी माझ्या हाताने दाराबाहेर ठेवले. दोन पदव्या, पंचेचाळिशी, आणि हे.

"बघतो," म्हणालो. मुलांना 'बघतो' म्हणजे काय ते कळते.

सौ.ला सांगितले. तिने हातातले निवडणे खाली ठेवले. मग म्हणाली, "माझ्याही मनात आलं नाही. माझी आईसुद्धा आलवणात गेली, तरी आलं नाही."

मंगळवार, ता. २०

तात्यासाहेबांना विनंती केली की नुसते 'चैत्राचा मेळा' म्हणू, म्हणजे सगळ्यांना येता येईल.

"हळदीकुंकवातून कुंकू काढा म्हणता? उद्या पन्ह्यातून कैरी काढाल, मास्तर."

बैठकीतले लोक हसले. मीही हसलो, ते का, कळत नाही.

लोक गेल्यावर त्यांचा आवाज बदलला. घरात कुंकवाचा करंडा रिकामा सापडला होता. पोरीने खरे सांगून टाकले. तांबडा रंग नव्हता, म्हणून आईचे कुंकू तेलात कालवून आक्काचे आलवण रंगवले.

"माझ्या आईला कुंकवानं माखून भिंतीवर टांगलंत तुम्ही! आणि तिथे सवाष्णी बोलावल्यात. काढा ते. खिळासुद्धा ठेवू नका, नाही तर बायका विचारतील इथं काय होतं."

"लहान मूल आहे. रंग संपला होता एवढंच."

"मूल आहे म्हणून तिला बोललो नाही. तुम्ही मूल आहात का?"

नमस्कार करून निघालो. आता, घरी, तीन उत्तरे सुचली आहेत. तिन्ही चांगली.

शुक्रवार, ता. २३

सकाळी चित्र मी स्वतः उतरवले. दुसऱ्या कोणाला सांगितले असते तर आणखी वाईट. कार्यालयातल्या कपाटात ठेवले. खिळा सखारामने काढला. "निघना, मास्तर. लय खोल ठोकलाय तुमी." निघाला तो चुना घेऊन.

कार्यक्रम उत्तम झाला. कधी नव्हे इतक्या बायका. दोघीदोघी आत जात, चित्रांपुढे कुजबुजत, हसत बाहेर येत. "मामंजींचं नाक थोडं बारीक केलंय हो चित्रकारानं!" मला वर्षभर हेच हवे होते. आज हवेसे वाटेना.

कुसुम आईबरोबर आली. आजोबांच्या चित्राखाली जाऊन उभी राहिली. भिंतीतल्या भोकात बोट घातले, काढले, बोटावरचा चुना परकराला पुसला. मला काही विचारले नाही. डाळ खाल्ली नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

शनिवार, ता. २४

तात्यासाहेबांची चिठ्ठी. कार्यक्रम यशस्वी, अभिनंदन. यापुढे वर्षातून एकदा हळदीकुंकू व्हावे. 'कुटुंबाचा रविवार' बंद, उद्यापासूनच.

राजीनामा लिहिला. फाडला. राजीनाम्याबरोबर दालनाची किल्लीही द्यावी लागेल, हे लक्षात आले. की धीर झाला नाही आणि किल्लीचे निमित्त केले? नक्की सांगता येत नाही.

दिवेलागणीला कुसुम आली. पायरीवरच उभी.

"आक्काचा निरोप आहे. उद्या सकाळी गंगेवरून स्नान करून येताना ती दालनावरून जाणार आहे. विचारलंय, चित्र भिंतीवर आहे का कपाटात? कपाटात असलं तर दाखवू नका म्हणाली."

"का गं?"

"म्हणाली, अंधारातलं मी पुष्कळ पाहिलंय."

मी विचारले, "कुंकवाचं कळलं तिला?"

"हो. आधी रागावली. सोवळं पुन्हा नेसली. मग जवळ बोलावून हळूच विचारलं, रंग दिसतो तरी कसा?"

"तू काय सांगितलंस?"

"येऊन बघ म्हटलं."

पोर गेली. सौ. आतून बोलली, "कुलूप उघडणार असाल तर मीही येते. त्यांच्याशी बोलायला कुणी नको का?"

तात्यासाहेबांना दुपारच्या आत कळेल. दालन जाईल, बंद झालेले मुलांचे रविवार कदाचित पुन्हा कधी सुरू होणार नाहीत, कुसुमला घरी काय सोसावे लागेल कोण जाणे. आणि हे मी आक्कांसाठी करणार की काल चित्र उतरवलेले हात धुण्यासाठी? संध्याकाळपासून विचारतो आहे. किल्ली खुंटीला आहे.

उद्या: निघताना हातोडी घेणे.