कपाटात राहून गेलेली पुस्तकं

३ जानेवारी १९७९

दादानं आज वहिनीला फुकणीनं मारलं. भाकर करपली, एवढंच. तिच्या मनगटावर लगेच टेंगूळ आलं. ओरडली नाही. बेबीला कडेवर घेतलं आणि दुसरी भाकर थापायला बसली. मला तिचाच राग येतो! लग्न होऊन आली तेव्हापासून मार खाते आणि गप्प राहते. दगड आहे नुसती.

मी माडीवर येऊन बसले, कापसाच्या ढिगाला टेकून. इथे कोणी येत नाही.

नवीन वर्ष लागलं. मागच्या वर्षी काय वाचलं ते आठवायला बसले तर लाज वाटली. काहीच नाही! त्याच्या आधी तरी चार-पाच व्हायची. विहाराला लागून अण्णाजींचं वाचनालय आहे — एक खोली, एक लोखंडी कपाट. पुलगावच्या मिलमधून रिटायर झाल्यावर त्यांनी ते काढलं. त्यांची लेक पंचफुला माझ्याबरोबर मॅट्रिकपर्यंत होती. तीच पुस्तक आणते, गवताच्या भाऱ्यात खुपसून, आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर. घरात कोणाला ठाऊक नाही. बौद्धपुऱ्यातलं पुस्तक म्हटलं तर माय हातसुद्धा लावणार नाही. दादाचं तर विचारूच नये.

मागच्या वर्षी माय टायफाइडनं पडली. मग वहिनीचं बाळंतपण. मग वेचणी. पंचफुला विचारायची तेव्हा माझं एकच — "पुढच्या वेळी आण." ती जाड रशियन कादंबरी राहिली. अण्णाजी म्हणतात, तिच्यात बर्फच बर्फ आहे, उन्हाळ्यात वाचजो. तारे ओळखायचं पुस्तक राहिलं. एका नर्सबाईनं आपली हकिगत लिहिली आहे, ते राहिलं. आणि बुद्धाचं चरित्र. ते राहिलं असं तरी कसं म्हणू? ते मीच टाळलं. वर केवढं मोठं चित्र! कोणी पाहिलं असतं तर? भ्याले, दुसरं काय.

या वर्षी सगळी वाचायची. सगळी!

९ जानेवारी

पंचफुला आज धुऱ्यावर रिकाम्या हातानं आली. म्हणाली, "माह्यानं आता लपवणं होत नाई. वाचाचं आहे तं समोरून ये नं. आमी काय चोरीचा माल विकून राह्यलो?"

राग आला. घरी येईपर्यंत राग होता. पण बरोबर बोलली ती.

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला जाते म्हणून निघाले आणि सरळ विहाराकडे वळले. 

अण्णाजी चटईवर बसून एका पुस्तकाला खळ लावत होते. मला पाहून उठले. "ये पोरी. पुस्तकाले पाय असते तं तेच आले असते तुह्या घरी." आणि कपाट सताड उघडलं.

पहिल्यांदा सगळी एका जागी पाहिली. हात फिरवला नुसता. रशियन कादंबरीला माझ्या हाताएवढी रुंद पाठ आहे. पंचफुला हसत होती — "घे नं आता, पाह्यतं काय?" नर्सबाईचं घेतलं, शालीखाली मावेल म्हणून. बुद्धाचं चरित्र समोरच होतं. पुन्हा ठेवलंच मी ते! पुढच्या वेळी.

१६ जानेवारी

लिहिता येईल तेवढं लिहिते.

दादा पानठेल्यावरून आला तोच तांबारलेला. "काऊन गेलती तिकडे? कोन आहे तिथं तुहा? तो प्रेमदास?" प्रेमदास म्हणजे पंचफुलाचा भाऊ. तो नागपूरला रेल्वेत असतो, दिवाळीपासून गावात आलेलासुद्धा नाही! हे सांगायला तोंड उघडलं तर कानावर बसली. मग वेणी धरून गोठ्यात ओढत नेलं. पुस्तक त्याला सापडलं होतंच. एकेक पान फाडलं. चुरगळून माझ्या तोंडात कोंबलं. "वाचाचं आहे नं तुले? चाव! चाव!"

मी चावले. कागद नाही — त्याचा अंगठा. हाडापर्यंत. रक्ताची चव आली तरी सोडला नाही.

मग त्यानं लाथा घातल्या.

बाबा दारात उभे होते. म्हणाले, "हळू रे. लोकं आयकतात." एवढंच म्हणाले माझे बाबा.

वहिनीनंच सांगितलं असणार. त्या दिवशी मी शाल घेऊन निघाले तेव्हा तीच ओट्यावर होती.

१७ जानेवारी

डावा कान गुणगुणतो. त्याच्या अंगठ्याला मोठी पट्टी आहे. बरं वाटतं!

१९ जानेवारी

जाळलं.

दुपारी बाबा-माय वावरात होते. मी माडीच्या खिडकीत. तो गोठ्यातून निघाला, हातात मातीच्या तेलाचा, रॉकेलचा डबा. वहिनी शेण काढत होती, ती समोर आली. "हट." ती हटली. कोपऱ्यावर त्याचे दोन दोस्त उभे होते. तिघं विहाराच्या गल्लीत वळले. मला कळलं. कळलं आणि पाय हलेनात. मग हलले.

मी पोचले तेव्हा खोलीच्या दारातून जाळ बाहेर येत होता. ते तिघं मागच्या बाजूनं पळाले होते. बाया विहिरीकडून घागरी घेऊन धावत होत्या. अण्णाजी आत! पुस्तकांचा कवळा भरून बाहेर आले, रस्त्यात टाकला, पुन्हा आत. धोतर पेटलं होतं. पंचफुला किंचाळत होती — "बाबा, राहू द्या! राहू द्या ते!" तो म्हातारा पुन्हा आत गेला. आणि छपराचा आडा कोसळला.

पंचफुलानं त्यांना पाय धरून बाहेर ओढलं. पाठीचं कातडं तिच्या हाताला आलं.

जळकी पानं आमच्या अंगणापर्यंत उडत आली. मायनं खराट्यानं लोटली.  

२० जानेवारी

'दादा' लिहवत नाही आता.

ओमप्रकाश सकाळी वांग्याची भाजी आणि भाकर जेवला. कांदा मागून घेतला. वहिनी त्याचा सदरा सोड्यात घालून धोपटण्यानं बडवत होती. तेलाचा वास जात नाही.

मी बाबांना सांगितलं, "मी पाह्यलं."

"काय पाह्यलं? तू झोपेत होती."

"डबा घेऊन जाताना पाह्यलं, बाबा."

बाबांनी हात उगारला, मग खाली घेतला. मायनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. आईनं लेकीच्या पायावर! "एकच पोरगा आहे वं कोकिळे. फाशी देतीन त्याले." मी पाय ओढून घेतला. तिचं कपाळ भुईवर आपटलं. मी उचललं नाही तिला.

रस्त्यात टाकलेला कवळासुद्धा पायाखाली, पाण्याखाली गेला म्हणतात. रशियन गेली, तारे गेले. बुद्धाचं चरित्रही. वर्षभर हाकेच्या अंतरावर होती. कोणी अडवलं होतं? मीच म्हणत होते, पुढच्या वेळी.

२२ जानेवारी

पंचफुला वर्ध्याच्या दवाखान्यातून कपडे न्यायला आली होती. नाचणगावकडच्या फाट्यावर तिला गाठलं. अण्णाजी पालथे पडून आहेत, शुद्ध येते-जाते. माझ्या तोंडातून निघून गेलं — "सगळी पुस्तकं गेली नं, पंचफुले."

तिनं कानफटात मारली. भर रस्त्यात. "तुले पुस्तकाची पडली? माहा बाप जयला!"

मग माझ्या दंडाला धरून हलवलं. "तुमच्या घराच्या खिडकीतून गल्ली दिसते. पाह्यलं अशीन तं ठाण्यात चाल. आत्ता चाल. नाईतर माह्यासमोर येऊ नको."

एस्टी आली. ती चढली. मी खालीच.

कोणीतरी ते पाहिलं, घरी सांगितलं.

२६ जानेवारी

डाव्या हातानं लिहिते आहे. उजवा हात ओमप्रकाशनं दाराच्या चौकटीत धरला आणि दार लोटलं. "आता दे बयान. कर सही." दोनदा लोटलं. हाडाचा आवाज माझा मलाच ऐकू आला.

वहिनीनं हळद लावून चिंधी बांधली. एक शब्द नाही. थोबाडीत मारावीशी वाटली तिच्या.

३१ जानेवारी

अण्णाजी गेले. पहाटे गेले म्हणतात.

ठाणेदार दुपारी आमच्या दारी आले. पंचफुलानं ओमप्रकाशचं नाव दिलं आहे, पण तिनं त्या तिघांना पळतानाच पाहिलं, तेही पाठमोरं. बाबांनी खुर्ची टाकली, चहा मागवला. "पोरगा तापानं पडून होता साहेब. घरच्या बायांना विचारा."

वहिनीनं मान खाली घातली. मग ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं. "हाताला काय झालं?"

ओमप्रकाश माझ्या मागे उभा होता. त्याचा श्वास मानेवर लागत होता. मी बोलणार होते. देवाशपथ बोलणार होते! जीभ उचलली —

"दारात सापडला."

एवढंच बोलले. ठाणेदार चहा पिऊन गेले.

थू माझ्यावर! अण्णाजी पेटलेलं धोतर घेऊन पुन्हा आत गेले, आणि माझ्यानं एक वाक्य नाही झालं. ज्या भीतीनं ते चरित्र वर्षभर कपाटात ठेवलं, तीच ही. घरातल्या कोणाला मी दगड म्हणते?

४ फेब्रुवारी

आर्वीकडचे पाहुणे येऊन गेले. माझा हात पदराखाली झाकायला लावला. पसंत आहे म्हणाले. याच महिन्यात उरकायचं. मला गावातून काढायचं आहे, बस.

नवरदेवाचा बाप म्हणाला, "पोरीले वाचाचा नाद आहे म्हनतात?" माय म्हणाली, "नाई जी. सुटला थो."

५ फेब्रुवारी

आज मी त्याला मारणार होते.

जेवून बाजेवर पडला होता, तोंड उघडं, घोरत होता. बाबा-माय वावरात. गोठ्यातून कुऱ्हाड आणली. डाव्या हातात नीट पेलत नव्हती, पण मानेवर पडली असती तर झालं असतं. उचलली. त्याच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. मला कसलीही भीती वाटत नव्हती — हीच मौज! बोलायची भीती वाटते, मारायची नाही.

मागून कुऱ्हाडीचा दांडा कोणीतरी धरला. वहिनी.

तिनं ओढून घेतली. मला न्हाणीपर्यंत ढकलत नेलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. आणि बोलली! या घरात आल्यापासून एवढं बोललेली मी ऐकली नाही.

"बाई, हे मेले तं सुटले. तुमी जेलात, अन् लोकं म्हनतीन भला माणूस होता. त्या म्हाताऱ्याचं काय मग?"

मी म्हणाले, "तूच सांगितलं होतं नं त्याला? संक्रांतीचं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मी नाई. पानठेल्यावर कोनी सांगतलं. मी तं तुमी शालीत काय आनता थे कवापासून पाह्यतो. माडीवर पुस्तक उघडं राह्यलं तं मीच कापसात झाकत जाव."

मला रडू आलं. तिला नाही आलं.

"त्या दिवशी मले हट म्हनलं. अन् मी हटली." एवढं बोलून ती कुऱ्हाड गोठ्यात ठेवायला गेली.

६ फेब्रुवारी

वहिनी बेबीला घेऊन सकाळच्या एस्टीनं आंजीला माहेरी गेली. बापाला बरं नाही म्हणून निरोप आला होता म्हणे. ओमप्रकाशनं जाऊ दिलं. लग्नाच्या आधी परत ये म्हणाला.

मला सोडून गेली. मीही गेले असते.

७ फेब्रुवारी

हळदीचा दिवस ठरला. माय पापडाचं पीठ मळते आहे आणि रडते आहे.

८ फेब्रुवारी

वहिनी आंजीला गेलीच नव्हती. ठाण्यात गेली होती, बेबीला कडेवर घेऊन. डबा, हट म्हणाला ते, सदऱ्याचा वास — सगळं सांगितलं तिनं.

आत्ता जीप दारात उभी आहे. ओमप्रकाशला दोन शिपायांनी धरलं आहे. तो माझ्याकडे पाहत होता. ठाणेदारांनी विचारलं, "तुमच्या वहिनी सुलोचनाबाई म्हणतात, तुम्हीही माडीवरून पाहिलं. खरं का?"

हो म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. बयान द्यायला ठाण्यात जायचं, मला चपला घालायला सांगितलं आहे.