कॅन्टीन गार करण्याची साठ्ये पद्धत

सोमवार, १० एप्रिल १९७८
आज कॅन्टीनमध्ये मंजुळाबाई भोवळ येऊन पडल्या. आमटी ढवळता ढवळता. नशीब, भट्टीच्या उलट्या बाजूला पडल्या. मी नुकताच जेवायला बसलो होतो. धावत गेलो, हातातल्या ड्रॉइंगने वारा घातला. बाई बार्शीकडच्या, उन्हाला भिणाऱ्या नव्हेत. पण आमचं कॅन्टीन म्हणजे वर पत्रा, चारी बाजूंना पत्रा आणि मध्ये भट्टी. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "आमटी खाली लागली का बघा."

संध्याकाळी नानासाहेबांनी, म्हणजे आमच्या वर्क्स मॅनेजरांनी, मीटिंग घेतली. परचेसच्या प्रभाकर चौबळने मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचं कोटेशन पुढे केलं. ऊन अडवायला पत्र्याच्या आतून काचेची लोकर, ग्लास वूल, बसवायची म्हणे. मी विचारलं, मेंढीही काचेची असते का? कोणी हसलं नाही.

मग उभा राहिलो आणि सांगून टाकलं : मेंटेनन्स खातं जिवंत असताना बाहेरचे लोक कशाला? मे उजाडायच्या आत कॅन्टीन गार करतो. नानासाहेबांनी "साठ्ये, नक्की?" असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नक्की म्हणालो.

घरी अरुंधतीला सांगितलं. ती म्हणाली, आधी आपल्या स्वयंपाकघरातला पंखा दुरुस्त करा. तिला इंडस्ट्रियल दृष्टी नाही.

मंगळवार, ११ एप्रिल
भर दुपारी स्वतः पत्र्यावर चढून पाहणी केली. आमचे फिटर बबनराव खालून ओरडत होते, "सायेब, ऊन कलू द्या!" भोसरीचे जुने रहिवासी, घाई म्हणजे काय ते ठाऊक नाही.

निष्कर्ष : १) पत्रा गंजलेला नाही. २) पत्रा धरणाऱ्या बऱ्याच हुक-बोल्टांचे रबरी वॉशर वाळून गेलेत. ३) पत्र्यावर बसू नये.

रात्री पालथा झोपून हे लिहितोय. अरुंधतीने बर्नॉल आणून दिलं. हसली नाही, पण तोंड फिरवून उभी होती.

गुरुवार, १३ एप्रिल. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी.
कल्पना सुचली! कामशेतला भाताच्या गिरण्या आहेत. तिथे तुसाचे डोंगर नुसते पडून असतात. तूस गोणपाटात भरायचं, गाद्या शिवायच्या आणि पत्र्याखाली कोंबडीची जाळी ताणून तिच्यावर रचायच्या. भिंतींनाही तसंच. शंभर टक्के देशी. ऊन आत येईलच कसं? वाटेत तूस आहे!

नाव काय द्यावं? 'साठ्ये पद्धत' हे जरा आत्मप्रौढीचं वाटतं. पण दुसरं सुचत नाही.

बुधवार, १९ एप्रिल
तुसाचा ट्रक आला. ड्रायव्हरने ताडपत्री सोडली आणि नेमकं वारं सुटलं. पेंट शॉपमध्ये यंत्रांची नुकतीच हिरवी रंगवलेली कव्हरं वाळत ठेवली होती. आता ती खरखरीत झाली आहेत. पेंट शॉपचा फोन आला तेव्हा मी राउंडवर होतो. राउंडवरच राहिलो.

सोमवार, २४ एप्रिल
यश!! छत पूर्ण. मुदतीच्या आत! भिंतीही छातीपर्यंत झाल्या. आत गेल्यावर फरक कळतो. थर्मामीटरही तेच म्हणतो. मंजुळाबाई म्हणाल्या, "सायेब, जरा जीवात जीव आला." पदराने तोंड पुसून हसल्या. खरं सांगायचं तर मला भरून आलं. नानासाहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. चौबळ भात कालवत होता.

येताना चिंचवड स्टेशनवर उतरून पेढे घेतले. डेप्युटी इंजिनिअरची जागा जूनमध्ये रिकामी होतेय. त्याचा इथे काही संबंध नाही, सहज लिहिलं.

शुक्रवार, २८ एप्रिल
जेवणात थोडं तूस आढळलं. थोडंच. जाळीतून गळतं. असेंब्लीवाले ताटावर पेपर धरून जेवतात, हा त्यांचा अतिरेक आहे. कोंड्यात जीवनसत्त्व असतं असं मी समजावलं. एकाने विचारलं, मग पेपरात काय असतं?

चिमण्यांनी गाद्यांत घरटी केलीत. उंदीरही आहेत म्हणतात. मी पाहिला नाही. मी वर बघतच नाही.

मंगळवार, २ मे
उंदीर आहेत. त्यांच्या मागे मांजरही आलं आहे. मंजुळाबाईंनीच कुठून तरी आणून सोडलं. जाळीवरून दिवसभर पळापळ चालते. बबनराव म्हणाले, "सायेब, जाळी कोंबडीची हाय. मांजराची न्हाई." मी त्यांना लोड कॅल्क्युलेशन दाखवलं. त्यात मांजर धरलेलं नव्हतं, हे माझ्याही लक्षात आलं, पण तोवर ते निघून गेले होते.

शुक्रवार, ५ मे
लिहावंसं वाटत नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी जाळी सुटली. एक अख्खी गादी आमटीच्या पातेल्यात आली. मंजुळाबाई क्षणापूर्वीच मीठ आणायला वळल्या होत्या. उकळती आमटी जमिनीवर पसरली. त्यांच्या पायापाशी येऊन थांबली. मी दारात होतो. त्या पातेल्याकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "मीठ संपलं नसतं तर कुठली वळते मी." आणि खाली बसून रडल्या.

गाद्या सगळ्या उतरवल्या. बबनरावांबरोबर मीही शिडीवर होतो. दोनदा शिडीची पायरी चुकली. ते भुकेमुळे असावं.

रविवार, ७ मे
नानासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "साठ्ये, आपण ते मुंबईवाल्यांना बोलावू या का?" मी म्हटलं, पद्धत बरोबर होती, फक्त दिशा चुकली. उष्णता आतून अडवायची नसते, बाहेरून मारायची असते. एक आठवडा मागून घेतला.

संकल्प : यापुढे डोक्यावर काहीही टांगायचं नाही.

शुक्रवार, १२ मे
नवी योजना. पत्र्याच्या माथ्यावरून भोकं पाडलेला पाइप, त्यातून पाणी झिरपत राहणार. माठ गार का होतो? तेच तत्त्व. संपूर्ण कॅन्टीन म्हणजे एक मोठा माठ! आज पाइप बसवला. उद्या उद्घाटन. चौबळला मुद्दाम निमंत्रण दिलं.

शनिवार, १३ मे
माठ झिरपतो हे खरं. पण बाहेरच्या बाजूला.

वाळलेल्या वॉशरांची मला कल्पना होतीच, फक्त ती आज नव्याने आली. प्रत्येक बोल्टातून धार. बाहेर चटका बसणारं ऊन आणि आत दोनशे लोक ताटं घेऊन भिंतीला चिकटून उभे. चौबळ छत्री उघडून जेवला. त्याने छत्री आणलीच का होती, हा संशोधनाचा विषय आहे.

शिवाय टाकीतलं सगळं पाणी पत्र्यावर गेल्यामुळे संडासांचे नळ कोरडे पडले. युनियनचे लोक केबिनपर्यंत आले. मी त्यांच्या भावना समजून घेतल्या. दार लावून.

मंगळवार, १६ मे
सर्व बोल्टांवर डांबर फासलं. गळती कायमची बंद. हे काम निर्विवाद चांगलं झालं आहे.

बुधवार, १७ मे
दुपारी डांबर वितळलं.

दह्यात काळे थेंब. चौबळच्या टेरिकॉटच्या शर्टावरही. त्याने शर्ट काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि बनियनवर परचेसला गेला. मला त्याचा हा स्वभाव कधीच आवडला नाही.

शुक्रवार, १९ मे
आज पुन्हा मंजुळाबाईंना गरगरलं. पडल्या नाहीत, भिंत धरली. भिंतही पत्र्याची, हात भाजला. नानासाहेब स्वतः त्यांना आधार देऊन जवळच्या सावलीत घेऊन आले. जवळची सावली म्हणजे माझं ऑफिस. पंख्याखाली माझ्या खुर्चीत बसवलं. मी पाणी दिलं. हाताला बर्नॉल लावून दिलं. बाई चहूकडे बघत म्हणाल्या, "अगंबाई, हितं किती गार हाय! वर काय टाकलंय सायेब, तूस?"

मी म्हटलं, "नाही हो. स्लॅब आहे."

नानासाहेबांनी आधी स्लॅबकडे बघितलं. मग खोलीच्या लांबीकडे. मग माझ्याकडे.

सोमवार, २२ मे
शिफ्टिंग पूर्ण. कॅन्टीन मेंटेनन्स ऑफिसात आलं. मधली पार्टिशन काढल्यावर जागा ऐसपैस झाली. मेंटेनन्स ऑफिस पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. ही अदलाबदल वस्तुतः माझ्याच कामातून निघाली, पण सर्क्युलरमध्ये तसा उल्लेख राहून गेला आहे.

काचेच्या लोकरीबद्दल चौबळकडे सहज चौकशी केली. आवाज शक्य तितका तांत्रिक ठेवला. तो म्हणाला, कॅन्टीनसाठी मंजूर होती, आता कॅन्टीन हललं, फाइल बंद. मी म्हटलं, उघड ना राव. तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.

डेप्युटीच्या जागेवर बाहेरून माणूस येणार आहे. त्याचंही टेबल शेडमध्येच. तेवढंच समाधान.

मंगळवार, २३ मे. दुपार.
शाई घट्ट झाली आहे. कागदाला मनगट चिकटतं. बबनराव जेवून झाडाखाली झोपलेत. त्यांनी मलाही बोलावलं होतं, पण ऑफिसरने झाडाखाली बसणं बरं दिसत नाही.

जेवायला गेलो तेव्हा मंजुळाबाईंनी न मागता ताक वाढलं. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "सायेब, उद्यापासनं हितंच बसत जा. त्या कोपऱ्यात. भट्टीजवळ हाय, पर तुमच्या तिकडल्यापरीस गारच की."

विचार करून सांगतो, असं म्हणालो.

येताना कोपरा मापून आलो. टेबल बसतं.