सद्वर्तनाचा दाखला

लोणावळे,
ता. ३ ऑगस्ट १९३६

चि. नंदास,

अनेक आशीर्वाद. विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ लावायचा प्रघात आहे ते मला ठाऊक आहे. तुझ्या नावामागे मी लावत नाही. माझी प्रकृती बरी. शाळेत निम्म्या मुली येतात, बाकीच्या भातलावणीला. धुक्याने कागद मऊ पडला आहे, शाई पसरली तर चालवून घे.

पुण्याच्या वसतिगृहातल्या जागेसाठी केलेल्या तुझ्या अर्जाचा मसुदा हसिनाने आणून दिला. तिचा नवरा मळवली स्टेशनवर पॉइंट्समन आहे आणि ती बाजाराला इथे येते, हे आपल्याला सोयीचे आहे. पत्रे तिच्याच हाती देत जा. टपालात काही टाकू नकोस.

आता मसुद्याबद्दल. ‘मला कसलाही अनुभव नाही’ ही पहिली ओळ खोडली आहे. सासूचे दोन वर्षे अंथरुणातले सगळे तू केलेस आणि तिच्या पाठीला जखम होऊ दिली नाहीस. लिही: रुग्णसेवा. इर्जिकीला, शेतावर मदतीला, आलेल्या साऱ्या वाडीचा स्वयंपाक तू एकटी रांधतेस. लिही: स्वयंपाक व कोठीवर देखरेख. सातवी माझ्या हाताखाली पास झालीस, गावातल्या बायकांची पत्रे वाचून-लिहून देतेस, तेही लिही. पगार घेतला नाहीस एवढेच. वसतिगृहाच्या सुपरिंटेंडेंट मथूताई माझ्या कॉलेजातल्या. त्या ओळखीवर जागा देत नाहीत, मीही मागणार नाही.

शेवटचा परिच्छेद मात्र संपूर्ण काढ. तुझा दत्तोबा विसापूरच्या कड्यावरून पडला, आणि तो सापडण्याआधीच त्याची घोंगडी तू थोरल्या दिराच्या, रखमाजीच्या, खांद्यावर पाहिलीस, हे मला लिहिलेस ते ठीक. चारचौघांत त्याला तसे विचारलेस, हे ठीक झाले नाही. अर्जात यातले अक्षर नको. नोकरी मागणाऱ्याने आसरा मागू नये. जागा मिळाली की राहण्याची सोय आपोआप होते, म्हणून तर हीच जागा निवडली.

अर्जाला गावच्या पाटलाचा सद्वर्तनाचा दाखला जोडावा लागतो. तसा नियम आहे. स्वतः जाऊन माग, मान खाली घालू नकोस.

रात्री आतून कडी लावतेस ना?

तुझी,
देवस्थळेबाई


लोणावळे,
ता. ११ ऑगस्ट, दुपार

चि. नंदास,

हसिना स्वयंपाकघरात बसली आहे. हे पत्र घेतल्याशिवाय उठू नकोस असे तिला बजावले आहे.

आज सकाळी रखमाजी माझ्या ओसरीवर येऊन बसला. पटक्याच्या घडीतून कागद काढून दिला. म्हणाला, “पाटलांनी लय चांगलं लिवलंय बगा आमच्या धाकलीचं.” चहा दिला तो बशीत ओतून सावकाश प्याला. पाऊसपाणी झाले, माझ्या कुंड्यांची स्तुती झाली. दाखला नंदाने का नाही आणला, असे मी विचारले. तिला कशाला त्रास, म्हणाला. घरात काय कमी आहे म्हणून बाईमाणसाने पुण्याला जावे, असेही त्याने विचारले. आवाज कुठे चढला नाही. पायरी उतरताना मात्र वळला.

“दत्तू बी असाच जातो जातो म्हनत व्हता, बाई. ऱ्हायला शेवटी हितंच.”

आणि हसला. तो वळणापलीकडे गेल्यावर मी दार लावले आणि कडीवर हात ठेवून बराच वेळ तिथेच उभी राहिले.

दत्तोबाचा पाय घसरला असे लिहिलेल्या पंचनाम्याखाली सही याच पाटलाची. तू ते मला सांगितले होतेस. तरी मी तुला त्याच्या दारात पाठवले, कारण अर्जाला दाखला लागतो. याबद्दल समोरासमोर बोलू.

अर्ज राहू दे. उद्या उजाडता हसिना दूध मागायला येईल, तिच्याबरोबर निघ. बोचके बांधू नकोस. बांधावरून नको, सडकेने ये. तोवर रखमाजीने कुठेही चल म्हटले, शेतावर, गुरांकडे, देवाला, तरी जाऊ नकोस. अंग मोडून आले आहे म्हण. खोटे बोल. मी शिकवले होते त्याच्या उलट वाग.

मी स्टेशनवर असेन.

दे. बाई


लोणावळे,
ता. १२ ऑगस्ट, सकाळी

प्रिय मथू,

खुशालीचे लिहीत नाही. ज्या नंदाच्या अर्जाबद्दल तुला कळवले होते, ती आलेली नाही. हसिना एकटीच आली. कालचे माझे पत्र तिने जसेच्या तसे परत आणले. काल दिवेलागणीला ती नंदाच्या घरी गेली तर दाराला बाहेरून कडी. शेजारीण म्हणाली, थोरला दीर रखमाजी लोणावळ्याहून आला आणि धाकलीला घेऊन गुरे बघायला वर विसापूरला गेला. हसिना आज पहाटे पुन्हा गेली. कडी तशीच. मी विचारले, अजून वरच असतील का? तिने पदर तोंडाशी धरला.

“गुरं सांजच्यालाच आली, बाई. मानसं न्हाई आली.”

पुढच्या गाडीने मी मळवलीला जाते आहे. तिथून वर. हसिनाचा नवरा स्टेशनातली दोन माणसे देतो म्हणाला. पाटलाकडे जाणार नाही.

तिची जागा शनिवारपर्यंत कुणाला देऊ नकोस. अर्ज नाही, दाखला जोडत नाही, मला माहीत आहे. आयुष्यात एकदा तुझ्याकडे ओळखीवर काही मागते आहे. शनिवारपर्यंत माझे पत्र आले नाही, तर हे घेऊन पुण्यात मोठ्या पोलीस साहेबांकडे जा. गावात कुणाला कळवू नकोस. साहेबांसाठी म्हणून लिहिते:

नंदा दत्तोबा हिला मी ती सात वर्षांची असल्यापासून ओळखते. ती कष्टाळू, प्रामाणिक आणि हुशार आहे. तिला उंचीचे भय आहे. शाळेची सहल लोहगडावर नेली तेव्हा ती पहिल्या दरवाजाशीच बसून राहिली, ओढूनही वर आली नाही. ती आपण होऊन कड्याच्या काठाशी जाणार नाही. कुणी पाय घसरला म्हणून लिहून दिले, तर ते खोटे आहे.

माझे अक्षर वाचवत नाही म्हणून तू कॉलेजापासून हसतेस. आज नाव सुटे लिहिते.

भागीरथी जनार्दन देवस्थळे, बी. ए.