हळद कमी

बाबा, माझा तुमच्यावर संशय आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला संशय घेतेस, असं ताई म्हणेल, म्हणून तिला काही बोललेले नाही.

परवा वारजेच्या ऑफिसात एका हळदीच्या व्हिडिओचे रंग सुधारत होते. अशा कामासाठी माझ्याकडे एक प्रीसेट आहे. म्हणजे एकदा बसवलेले रंग नाव देऊन जपून ठेवायचे आणि पुढच्या वेळी एका क्लिकवर लावायचे. याचं नाव 'हळद कमी'. मांडव, कपडे, चेहरे, सगळ्यांतलं जास्तीचं पिवळं तो काढून टाकतो. माझी भागीदार स्क्रीनकडे बघत म्हणाली, "भारी आहे गं हा! कोणालाही लाव, तब्येत सुधारते." ती हसली. मला हसू आलं नाही.

कारण हा प्रीसेट मी ताईच्या हळदीसाठी बनवला होता. लग्न नुकतंच पार पडलं होतं, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेय आणि तुम्ही खुर्चीमागे उभे आहात. एरवी माझ्या कामाला 'कॉम्प्युटरवरचे खेळ' म्हणणारे तुम्ही, त्या दिवशी चहा गार झाला तरी हलत नाही. पिवळं कमी होत गेलं तसे म्हणालात, "आता बरा दिसतोय मी. हे जपून ठेव. लग्नाच्या व्हिडिओलाही हेच लाव."

"लग्नात कुठे हळद असते, बाबा?"

"सांगितलं तेवढं कर. अक्कल नको शिकवूस."

मी निमूटपणे लावलं. पुढे डॉक्टरांनी कावीळ सांगितली, मग तिच्यामागचं खरं दुखणं, आणि तोवर फार उशीर झाला होता.

आता मला सगळंच खटकतं. मार्केट यार्डात मसाल्याच्या गाळ्यावर तुम्ही जन्मभर हळद पारखलीत. चिमूटभर तळहातावर चोळून "यात रंग घातलाय, उचला हे पोतं" असं समोरच्याला तोंडावर सांगणारा माणूस दाढी करताना आरशात स्वतःचे डोळे बघत नव्हता? हात तर तुमचे कायम पिवळेच, त्यामुळे आमच्यापैकी कुणाला शंका येणार नाही, हे तुम्ही ओळखून होतात ना? दुसऱ्यांच्या हळदीला "मला लावू नका, दिवसभर तेच करतो" म्हणून लांब बसणारे तुम्ही, ताईच्या वेळी मात्र स्वतःच वाटीत हात घालून तोंडभर माखून घेतलंत. आत्या म्हणालीसुद्धा, "दादा, नवरी कोण आहे नक्की?" लग्न पुढे ढकललं जाऊ नये म्हणून केलंत हे? मला एकटीला तरी सांगायचं होतंत. फार राग येतो मला तुमचा.

खरं तर खात्री करून घेणं माझ्याच हातात आहे. प्रीसेट मूळ चित्रीकरणाला हात लावत नाही. एक टिक काढली की तुम्ही होतात तसे दिसाल. ताईवर अक्षता टाकतानाचे तुम्ही मी आजही उघडून बसले होते. पण पिवळे दिसला नाहीत तर? मग तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, तुम्ही नुसते मुलीच्या लग्नात खूश होतात. मग मी भांडू कुणाशी? हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तर सांगूनच टाकते. भांडतेय तोवर तुम्ही घरातच आहात असं वाटतं. टिक मी काढलेली नाही.