पुणतांब्याचा देवमासा

४ डिसेंबर
पोचले एकदाची पुणतांब्याला! नगरमध्ये टँकरच्या रांगेत वाढलेली मी देवमाशांची डॉक्टर कशी झाले, हे टेम्पोवाल्याला शेवटपर्यंत उलगडलं नाही. समुद्र सोडून इथं येण्याचं कारण म्हणजे किनाऱ्यावर मरून पडलेल्या एका देवमासा मादीची हाडं वर्षापूर्वी इथल्या एका बंद साखर कारखान्याच्या गोदामात, प्रेसमडखाली पुरली आहेत. उसाच्या रसाचा तो काळा गाळ मांस कुजवून हाडं स्वच्छ करतो. आता ती उकरायची आणि मादी कशानं मेली ते शोधायचं. राखणदार रंगनाथमामा आणि त्यांच्या बायकोनं, छबूबाईंनी, खोली झाडून ठेवली होती. पिठलं-भाकरी झकास.

९ डिसेंबर
कवटी, बरगड्या, बरेचसे मणके बाहेर आले. हाडांतून अजून तेल पाझरतंय. छबूबाई नाकाला पदर लावूनच चहा आणतात. जहाजाची धडक नाही, जाळ्याचे व्रण नाहीत, रोगाची खूण नाही. धडधाकट जनावर किनाऱ्यावर आलं आणि मेलं. अहवालात 'कारण अज्ञात' लिहायचं अगदी जिवावर येतंय.
काम संपल्यावर फोन करावा असं कुणी नाही. अम्मी मार्चमध्ये गेली. तिचा नंबर अजून पुसवत नाही.

१३ डिसेंबर
मरण्याआधी पाण्याखालच्या मायक्रोफोननं टिपलेला मादीचा आवाज दुपारभर स्पीकरवर लावला. खोल, छातीत घुमणारा. खरं सांगायचं तर सोबत वाटली. पण ती हाक मारत नव्हती. दर वेळी आधी एक बारीक आवाज येतो, मग तिचा. ती ओ देत होती.
जुन्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिलं. तो बारीक आवाज तिच्या पिल्लाचा आहे. पिल्लू त्याआधीच मेलं होतं. त्याचं शवविच्छेदन मीच केलं होतं.

१४ डिसेंबर
छबूबाईंना सांगितलं. त्यांना फारसं नवल वाटलं नाही. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवतात, मग ती पान्हावते, म्हणाल्या. म्हशीला कळत नाही का, मी विचारलं.
"कळतंय की. पन जीव ऱ्हात न्हाई."
जरा वेळानं त्यांनीच विचारलं, समुद्रात पेंढा कोन भरतं गं पोरी?

१६ डिसेंबर
स्पीकर बंद होता. भरदुपारी गोदामातून तो बारीक आवाज आला. प्रेसमडच्या ढिगातून. रंगनाथमामांनीही ऐकला. त्यांनी दाराला कडी घातली. फरहीनताई, आमी लेकीकडं चाललो कोपरगावला, तुमीबी चला, म्हणाले. मी हसले. हाडं टाकून कशी जाऊ?
ते गेले. हाडांबरोबर काहीतरी इथवर आलंय, एवढं मात्र खरं. भीती वाटतेय.

१७ डिसेंबर
आवाज बदलतोय. पिल्लाचा राहिला नाही. काहीतरी जुळवतोय — चाचपडत — शब्द —

१८ डिसेंबर
फरू.
मला फरू फक्त अम्मी म्हणायची. जेवलीस का, विचारतेय. स्वयंपाकघरातून विचारायची तसंच —
दफनाआधी तिला गुस्ल मी दिलाय, शेवटची अंघोळ. या हातांनी. ती अम्मी नाही, हे मला माहीत आहे.
मादी फसली नव्हती. तिलाही माहीत होतं, तरी ओ देत किनाऱ्यापर्यंत आली. मरणाचं कारण हेच — अहवालात लिहायला हवं —

कडी काढली. ढीग हलतोय. पुन्हा विचारतेय, आता थोडी रागावून. इतक्या महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं. एकदाच ओ देते, नाही जेवले म्हणून सांगते, आणि लगेच मागे —