मेलेल्याचा पहिला उपदेश

३ फेब्रु. १९३१
फळ्यावर नावं लागली. उपदेशकाची सनद हवी तर पहिला जाहीर उपदेश स्वतःच्या गावी करायचा, ही आमच्या धर्मविद्यालयाची जुनी चाल. माझी पाळी १५ ला. 
विद्यालयाच्या गोऱ्या साहेबांना सांगितलं, गावी मी मेलोय. त्यांना वाटलं, अलंकारिक बोलतोय. कसलं अलंकारिक! बाप्तिस्मा घेतला त्याच महिन्यात बाबांनी माझं तेरावं घातलं. गवताचा पुतळा जाळला, डोकं भादरलं, गाव जेवला. मेल्याशी बोलेल तो वाळीत, असा पंचांचा शब्द.
साहेब म्हणाले, "परक्या गावात कोणीही धीट असतो." यांचं गाव सातासमुद्रापलीकडे. बोलायला काय जातं!

७ फेब्रु.
झोप नाही. उपदेश तोंडपाठ. पण गावच्या पारावर उभं राहायचं मनात आलं की पहिला शब्दही आठवत नाही. थोरला भाऊ किसन काठी घेऊन आला तर? आणि कोणीच आलं नाही तर...
खोलीतला सोबती शिमोन म्हणतो, "मांडव्याला बोट लागते. मुंबईस पळ." हसलो. मग खरंच विचार केला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

११ फेब्रु.
साहेबांकडे गाव बदलून मागितलं. नाही म्हणाले. माझ्यासाठी प्रार्थना केली, पुस्तकी मराठीत, लांबलचक. भीती तशीच. 

१५ फेब्रु., रविवार

नागाव मागे पडलं आणि आमचं गाव आलं. शिमोन बरोबर होता, त्यानं पेटी वाजवली तशी पारापाशी माणसं जमली. किसन समोर, हाताची घडी घालून. आई दिसली नाही. बाबा सगळ्यांच्या मागे, माझ्याकडे पाठ करून बसलेले. केस पार पांढरे झालेत.
पहिलं वाक्य घशातच राहिलं. पोरं हसली.  उतरतच होतो, तेवढ्यात मागून, मान न वळवता, बाबा:
"जोरान बोल. मांगं आयकू येत न्हाय."
 मग मी बोललो. काय ते आठवत नाही. मोठ्यानं बोललो एवढं खरं, आणि रडत होतो. संपलं तेव्हा बाबा निघून गेले होते.

१७ फेब्रु.
सनद मिळणार. साहेबांनी पाठ थोपटली. कितीतरी दिवसांनी दोन घास गोड लागले.

१९ फेब्रु.
दुपारी किसन आला. फाटकाच्या आत येईना. माझ्याकडे बघेना. मेल्याशी बोलायचं नाही ना, म्हणून कुंपणातल्या शेवग्याला सांगितलं:
"ए झाडा, आयक. बाबा मेल्याशी बोलला म्हनून उंद्या सकाली पंच बसतान. माफी माग म्हनतान. बाबा म्हनतो, न्हाय मागनार."
मी विचारलं, "आई कशी हाय?" त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले आणि गेला.
वाळीत टाकलं तर विहीर बंद, अग्नी बंद, उद्या मयताला खांदासुद्धा नाही. एका वाक्यासाठी. मी गेलो तर बाबांचा गुन्हा दुप्पट होणार. न जावं तर ते पंचांपुढे एकटे. इतका मी स्वतःसाठी कधी भ्यालो नव्हतो.
साहेबांना विचारावं, तर ते प्रार्थना करतील.
शिमोन विचारतोय, जाणार का. मघापासून अंगात सदरा चढवून बसलोय, दारापर्यंत जाऊन दोनदा परत आलो. आता तिसऱ्यांदा उठतोय.