समुद्रदेवीचे डोळे

रोहा,
ता. ११ एप्रिल १९८६

सौ. सरूस,

इकडं मी खुशाल. तिकडं तू, शकू, गुणाजीराव आणि बाळ, सगळी बरी असालच. शकू, आईला पत्र सावकाश वाचून दाखव. मागल्या खेपेला तू गाडी पळवल्यासारखं वाचलंस म्हणे.

पत्रावर पेणऐवजी रोहा आहे म्हणून दचकू नका. धाटावच्या एका कंपनीमालकांनी इथं नदीकडेला नवा बंगला बांधलाय. त्यांच्या मालकीणबाई इटलीला जाऊन आल्या. तिथल्या कुठल्याशा महालाच्या भिंतीवर पाचेकशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे, ते त्यांच्या मनात भरलं. तिथून आणलेल्या पुस्तकात ते छापलंय, जसंच्या तसं दिवाणखान्याच्या भिंतीवर हातानं काढून हवंय. पेणेत गणपतीच्या कारखान्यात आल्या आणि मलाच धरून आणलं. कारखाना सध्या आपला कारागीर सखा बघतो.

चित्र तिकडच्या पुराणातलं. समुद्राची देवी शिंपल्यात उभी आहे आणि दोन मोठे मासे तो शिंपला ओढतायत. वर पंखवाली गुबगुबीत पोरं धनुष्यबाण घेऊन उडतात. एकाच्याही अंगावर धड कपडा नाही गो! मी म्हटलं, "बाई, देवीला निदान एक लुगडं?" तर म्हणाल्या, "मिस्त्री, पुस्तकात आहे तसंच." बरं बाई, तुमचं घर, तुमची भिंत. पोरांची पोटं मात्र झकास उतरली. जन्म गेला गणपतीची पोटं रंगवण्यात, ती चुकतील कशी?

घोटाळा पुढंच झाला. आपल्या कारखान्याच्या सवयीनं मी सगळं रंगवून घेतलं आणि डोळे शेवटी ठेवले. भिंतभर माणसं, आणि एकालाही डोळा नाही. मालकीणबाई बघायला आल्या आणि दारातच किंचाळल्या. मी समजावलं, आमच्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. त्या म्हणाल्या, "मग करा ना लवकर. अक्षय तृतीयेला वास्तुशांत आहे."

केली. पंखवाल्या पोरांचे डोळे काढले, शंख फुंकणाऱ्या बाप्यांचे काढले. खाली उतरून बघतो तर काय, पुस्तकात जो तो भलतीकडं बघतोय आणि माझ्या भिंतीवर सगळेच्या सगळे समोर, माणसाकडं बघतायत! गणपतीचे डोळे झाले की ते. मालकीणबाई या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेल्या. म्हणाल्या, "हे सगळे आपल्याकडेच का बघतात हो?" मग हसल्या, म्हणाल्या राहू दे. पण देवी बिघडली तर मुंबईचा माणूस बोलावणार, तेही सांगून गेल्या.

देवीचे डोळे अजून काढलेले नाहीत.

ते तू काढावेस म्हणून हे पत्र. तुमच्या खांब गावाहून रोहा काही लांब नाही, एका दिवसाचं काम. गुणाजीराव आणून सोडतील. बाळाला कसं सोडायचं म्हणत असशील तर राहू दे, घाई नाही.

कारखान्यात तुझ्या जागी आता डोळ्यांच्या आखणीला गडब गावची मैना येते. हात चांगला आहे पोरीचा, नावं ठेवायला जागा नाही. पण ती मला पाटावर बसवत नाही. तुझं कसं, डोळे झाले की मूर्तीपुढं पाट टाकायचीस आणि मला हाक मारायचीस, "बसा इथं. बघतोय का तुमच्याकडं?" मी "बघतोय" म्हटल्याशिवाय मूर्ती हलायची नाही. हातातलं काम टाकून यावं लागे, म्हणून मी किती कुरकुरायचो!

तो पाट मी रंगांच्या पेटीबरोबर इथं आणलाय. परवा भिंतीपुढं टाकला, बसलो, आणि त्या बिनडोळ्यांच्या बाईला विचारलं, "बघतेस का गो?" राखणदार काळुराम धावत आला. "मिस्त्री, कोनाशी बोलता? आत कोन हाय?"

मी म्हटलं, "कोन नाय रे."

आणि बोलून झाल्यावर माझं मलाच कसंसं झालं. खरंच कोणी नाही, सरू. इथं नाही आणि पेणेच्या घरातही नाही.

शकूच्या बाळंतपणाला गेलीस ती दोन-तीन महिन्यांसाठी. बाळ आता धावायला लागला. निघताना म्हणालीस, "बोलावलंत की येईन." आणि मी प्रत्येक पत्रात लिहीत आलो, घाई करू नको, माझं बरं चाललंय. शकू मोठ्यानं वाचणार, जावई ऐकणार, दुसरं काय लिहू? म्हाताऱ्याला बायकोवाचून करमत नाही म्हणून हसले असते.

हसू देत. शकू, हे मोठ्यानं वाच, गुणाजीराव घरात असले तरी वाच. मला करमत नाही. दिवसभर माणसांत असतो, पण माझ्याकडं बघतं असं कोणी नाही. देवीचे डोळे हे निमित्त आहे. ते नाही जमले तरी मुंबईचा माणूस काढील. तू ये.

शकू, आता हा कागद आईच्या हातात दे. सरू, तुला अक्षरं वाचता येत नाहीत, पण डोळे वाचता येतात. खाली दोन काढलेत, तुझ्यासारखाच श्वास रोखून. कागद समोर भिंतीला टेकव, पाट टाक, बस. बघतायत का तुझ्याकडं?

बघत असतील तर रोह्याची एसटी धर.

आजवर पत्राखाली नुसतं नाव टाकत आलो. आज,

तुझा
महिपती